परिचारिका–रुग्ण प्रमाण

एका पाळीत एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवलेले आहेत हे दाखवणारे प्रमाण. एका परिचारिकेकडे पाच रुग्ण असतील तर ते १:५ असे लिहितात. रुग्णालयातील कामाचा ताण, शुश्रूषेचा दर्जा आणि रुग्णांची सुरक्षितता यांवरील बहुतेक वाद अखेर याच आकड्यापाशी येतात.

आकडा कसा काढला हे आधी विचारावे लागते. एकूण खाटांना पटावरील एकूण परिचारिकांनी भागले की कागदावर परिस्थिती ठीक दिसते. पण पटावरच्या सगळ्याजणी एका वेळी वॉर्डात नसतात. आठवड्याचे तास १६८. एकीची नोकरी आठवड्याला ४० तासांची धरली, तर एक जागा रात्रंदिवस भरलेली ठेवायला चारांहून अधिक जणी लागतात, आणि रजा-आजारपण धरले की जवळपास पाच. दुसरी फसगत मध्यरात्रीच्या मोजणीची. सकाळी एका रुग्णाला घरी सोडले आणि दुपारी त्याच खाटेवर दुसरा दाखल झाला, तर रात्री मोजताना रुग्ण एकच. काम मात्र दोघांचे झालेले असते, आणि दाखल करणे व घरी सोडणे ही पाळीतली वेळखाऊ कामे.

प्रमाण बिघडले म्हणजे नेमके काय होते? सहा रुग्ण असलेल्या परिचारिकेला तासाभरात प्रत्येकासाठी दहा मिनिटे मिळतात, तीही मध्ये काही उपटले नाही तर. शस्त्रक्रिया होऊन आलेल्याचे श्वास नीट मोजायचे तर पूर्ण एक मिनिट उभे राहावे लागते. अंथरुणाला खिळलेल्याला कुशीवर वळवायला बहुधा दोघी लागतात. इंजेक्शनची मात्रा तपासत असतानाच फोन वाजतो, पलीकडच्या खाटेवरून बेडपॅनची हाक येते, नातेवाईक दारात उभे असतात. अशा वेळी औषधे दिली जातात, कारण त्यांची नोंद करावी लागते. ज्याची नोंद कोणी मागत नाही ते मागे पडते.

या मागे पडण्याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन संशोधक बिएट्रिस कॅलिश यांनी केला. नेहमी राहून जाणाऱ्या कामांची जी यादी त्यांनी २००६ मध्ये मांडली, तिच्यात रुग्णाला चालवणे, कूस बदलणे, वेळेवर भरवणे, स्वच्छता, समजावून सांगणे, धीर देणे आणि लक्ष ठेवणे यांचा समावेश होता. यांतले शेवटचे सर्वांत महागात पडते. प्रकृती ढासळू लागल्याची पहिली चिन्हे बारीक असतात, आणि ती पाहायला कोणीतरी खाटेजवळ असावे लागते.

२००२ मध्ये परिचर्या-संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. हा केवळ सहसंबंध आहे, म्हणजे दोन गोष्टी सोबत आढळल्या, एकीमुळे दुसरी घडली हे सिद्ध होत नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, आणि तो गैरलागू नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडने २०१६ मध्ये काही रुग्णालयांत किमान प्रमाण लागू केले, तेव्हा आधीची व नंतरची स्थिती इतर रुग्णालयांशी ताडून पाहता आली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले, आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण इतर रुग्णालयांत वाढले तसे इथे वाढले नाही. मुक्काम घटल्याने आणि पुनर्प्रवेश टळल्याने वाचलेला खर्च वाढीव परिचारिकांच्या खर्चाहून अधिक निघाला.

कायद्यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. कॅलिफोर्नियाचा कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००४ पासून अमलात आला. अतिदक्षता विभागात १:२, सर्वसाधारण वैद्यकीय व शस्त्रक्रिया वॉर्डात आधी १:६ आणि मग १:५. हे प्रमाण जेवणाच्या सुट्टीतही पाळावे लागते, आणि कायद्याचा खरा दात तिथेच आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरियात २०१५ मध्ये कायदा झाला. वेल्सच्या २०१६ च्या कायद्याने मात्र ठरावीक आकडा दिलाच नाही. रुग्णांची गंभीरता, रुग्णसेवेचे निर्देशक आणि अनुभवी परिचारिकांचा अंदाज एकत्र धरून संख्या ठरवायची, असे बंधन घातले. ठरावीक आकड्याच्या विरोधकांचे म्हणणे असे की पाच स्थिर रुग्ण आणि पाच अत्यवस्थ रुग्ण सारखे नसतात. ते खरेच आहे. पण अंदाजावर सोडले की अंदाज बहुधा अंदाजपत्रकाकडे झुकतो.

स्वित्झर्लंडमध्ये २८ नोव्हेंबर २०२१ च्या सार्वमतात सुमारे ६१ टक्के मतदारांनी परिचर्या क्षेत्र बळकट करण्याच्या प्रस्तावाला कौल दिला. त्याच देशातील दिग्दर्शिका पेट्रा वोल्पे यांचा ‘हेल्डिन’ हा चित्रपट २०२५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. मनुष्यबळ अपुरे असलेल्या शस्त्रक्रिया वॉर्डातील एका परिचारिकेची एकच पाळी त्यात आहे. प्रमुख भूमिका लिओनी बेनेश यांची.