सीपॅपचे चार तास कुणी ठरवले?

मोठ्याने घोरणारा माणूस गाढ झोपलाय, असा आपल्याकडे जुना समज आहे. स्लीप ॲप्निया या झोपेत श्वास अडण्याच्या आजारात नेमकं उलटं घडत असतं. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, घोरण्याचा एक स्फोट होतो आणि पुन्हा तेच चक्र. तासाला 30 वेळा किंवा अधिक असं होत असेल तर आजार तीव्र धरतात. सकाळी रुग्णाला यातलं काहीच आठवत नाही. शेजारी झोपणारीला सगळं आठवतं.

यावर सीपॅप या मशीनचा उपाय ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे मांडला. मास्कमधून किंचित दाबाची हवा सतत येत राहते आणि घसा आतून उघडा धरते. पण गोळीसारखा तिचा अंमल मागे उरत नाही. मास्क काढून पुन्हा झोपलं की घसाही पुन्हा मिटायला लागतो.

मग रात्री तो लावायचा किती वेळ? ‘चार तास झाले की पुरे’ असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा आला कुठून ते पाहण्यासारखं आहे. 1993 साली अमेरिकेत 35 रुग्णांच्या मशीनमध्ये त्यांना न सांगता वापर मोजणारं यंत्र बसवलं होतं. रुग्ण सांगत होते त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर बराच कमी निघाला. ‘नियमित वापर’ कशाला म्हणायचं यासाठी संशोधकांनी एक रेघ आखली: 70 टक्के दिवशी किमान चार तास. पुढे अमेरिकेच्या मेडिकेअर विमा योजनेने मशीनचे पैसे द्यायचे की नाही हे ठरवायला जवळपास तीच रेघ उचलली. म्हणजे हा हिशेबनिसाचा आकडा. शरीराला कुणी विचारलंच नव्हतं.

2007 साली ते विचारलं गेलं. दिवसा पेंगणं कमी झाल्याचं रुग्णांना रात्री चार तासांच्या वापरानंतर जाणवू लागलं होतं, प्रयोगशाळेतल्या चाचणीत जागेपण सुधारायला सहा तास लागले, आणि रोजची कामं नीट जमायला साडेसात. 2016 सालच्या ‘सेव्ह’ या मोठ्या चाचणीत, आधीच हृदय किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या 2,700हून अधिक रुग्णांमध्ये, सीपॅपने हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाल्याचं दिसलं नाही. सरासरी वापर होता रात्री 3.3 तास. एवढ्या तुटपुंज्या वापरावरून मशीनला नापास करणं मला घाईचं वाटतं. अर्थात जास्त वापराने निकाल बदललाच असता, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कोणते तास हुकतात, हेही महत्त्वाचं. स्वप्नांची, म्हणजे रेम झोप पहाटेकडे जास्त असते. तिच्यात स्नायू सर्वांत सैल पडतात, त्यामुळे बऱ्याच जणांचा श्वास तेव्हाच जास्त वेळा आणि जास्त काळ अडतो. नेहमीचा प्रकार असा, की दोन-तीन वाजता लघवीला उठायचं, मास्क उशाशी ठेवायचा आणि तसंच झोपायचं. गंमत म्हणजे रात्री वारंवार लघवीला होणं हे याच आजाराचं एक लक्षण आहे आणि सीपॅप नीट वापरला की ते बऱ्याचदा कमी होतं.

मास्क नको होण्याची कारणं बहुधा किरकोळ असतात. तोंड कोरडं पडतं? तोंडावाटे हवा निसटत असेल. नाक चोंदलंय का ते आधी बघा, मशीनमधला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वाढवा, नाहीतर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क लागेल. गळतीवर पट्टे करकचून आवळू नका, त्याने गळती थांबत नाही आणि नाकावर व्रण उठतात. भरघोस मिशा असतील तर मास्कचा आकार बदलून पाहावा. जीव घुसमटत असेल तर दिवसा टीव्हीसमोर बसून मास्क लावायचा सराव करावा, आणि दाब हळूहळू चढण्याची सोय मशीनमध्ये असते, ती चालू करून घ्यावी. वीज जाणाऱ्या गावात मशीन इन्व्हर्टरवर जोडा.

आपल्याकडे मशीन बहुतेक जण स्वतःच्या खिशातून घेतात. अमेरिकेत विम्याच्या धाकाने का होईना, वापराची नोंद कुणीतरी तपासतं. इथे विक्री झाली की बरेचदा विचारणारं कुणी उरत नाही. पुढची सवय बरीचशी पहिल्या काही आठवड्यांतच ठरते. त्या दिवसांत डॉक्टरांकडे जाताना मशीनमधलं नोंदींचं कार्ड किंवा मोबाइलवरचं ॲप सोबत न्या, आणि तासांबरोबर गळती किती आणि मशीन लावूनही श्वास किती वेळा अडला, हे दोन आकडे त्यांना पाहायला लावा.