पेपर सुरू व्हायच्या आधी डबा बंद करू नका (फर्स्ट इयरच्या पालकांसाठी)

नमस्कार. नाशकात शिकायला राहिलेल्या मुलांसाठी आमची मेस आहे, डबेही पोचवतो. सेमिस्टर संपत आलं की आम्हाला रोज तेच फोन येतात, मालेगाव, सटाणा, कळवण, पार नंदुरबारहून. "काकू, पेपर पुढच्या महिन्यात आहेत, तोवर डबा बंद ठेवा, पेपर लागले की चालू करा आणि तेव्हा जरा चांगलं द्या." हा हिशोब बारावीचा झाला. बारावीला पोरगं घरात होतं, ताट समोर येत होतं, त्यामुळे परीक्षा म्हणजे पहिला पेपर असं आपल्या डोक्यात बसलंय.

कॉलेजात पेपरच्या आधी सबमिशन असतं. जर्नल, फाईल, सरांच्या सह्या, मग प्रॅक्टिकल आणि ओरल. इंजिनिअरिंगवाल्यांच्या ड्रॉइंगच्या शीट वेगळ्या, रात्री काचेखाली बल्ब लावून एकमेकांच्या उतरवतात, आम्ही त्यात पडत नाही. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला बऱ्याच थिअरी विषयांचा शेवटचा पेपर ७० मार्कांचा असतो आणि ३० मार्क त्याआधीचे, म्हणजे पेपर लागायच्या आधीच बरंच काही होऊन गेलेलं असतं. पोरं ह्याच दिवसांत सगळ्यात जास्त जागतात आणि सगळ्यात कमी जेवतात. आम्हाला ते परत आलेल्या डब्यावरून कळतं, पोळ्या तशाच, भात उकरलेला. आणि नेमका तेव्हाच घरून डबा बंद करायचा फोन येतो! मग दुपारी वडापाव, रात्री टपरीवर मॅगी, आणि पहिल्या पेपरला पोट बिघडलेलं. मागच्या वर्षी एका मुलाला पेपरच्या सकाळी आम्हीच रिक्षात घालून डॉक्टरकडे नेलं, घरच्यांनी वीस दिवसांचे पैसे वाचवले होते.

म्हणून खाडा घ्यायचाच असेल, म्हणजे काही दिवस डबा बंद ठेवायचाच असेल, तर आधी मुलाला विचारा की सबमिशन कधी आहे, पीएल (पेपरआधीची अभ्यासाची सुट्टी) कधी लागते, आणि पीएलमध्ये तो खरंच घरी येणार आहे का. बरेच जण येतो म्हणतात आणि मित्राच्या रूमवर अभ्यासाला राहतात.

खाड्याच्या नियमावरून वाद होतात तेही सांगून टाकते. आदल्या रात्री ८ पर्यंत मेसेज पाहिजे आणि सलग चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाही. लोकांना वाटतं काकू पैसे सोडत नाहीत. अहो, भाजी आदल्या संध्याकाळीच येते, पहाटे ५ ला कणीक भिजते, सकाळी ७ ला "आज नको" म्हटलं तर त्या पोळ्या कुणाच्या नावावर टाकू?

पेपरचं टाइमटेबल आलं की त्याचा फोटो आम्हाला पाठवा, सीट नंबर वगैरे नको, फक्त तारीख आणि वेळ. सकाळचा पेपर असेल तर डबा लवकर निघतो, त्याचे जास्तीचे पैसे नाहीत. पेपरच्या दिवशी मिसळ, छोले, तळलेलं काही देत नाही. मुलं कुरकुरतात, नाशकात राहून मिसळ नाही म्हणजे काय, पण पेपर संपल्यावर आहेच की. रात्री जागणाऱ्यांसाठी छोटा डबा मिळतो, पराठा नाहीतर मऊ खिचडी, तो मात्र वेगळा सांगावा लागतो.

लाडू-चिवडा एसटीच्या पार्सलने पाठवून पोराला ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर पळवू नका, येण्याजाण्यात त्याची अर्धी दुपार जाते. मेसच्या पत्त्यावर कुरिअर करा, डब्याबरोबर पोचवू. डिसेंबरात इथे थंडी चांगलीच पडते, तेव्हा त्यात एक जाड पांघरूण पण टाका, बरीच मुलं जुलैत चादर घेऊन आलेली असतात.

आणि एक, राग मानू नका. पेपर सुटल्या सुटल्या फोन करून "कसा गेला" विचारू नका. मुलं मेसमध्ये जेवायला बसतात, फोन वाजतो, दोन मिनिटं बोलतात आणि ताट तसंच सोडून उठतात, हे आम्ही रोज बघतो. संध्याकाळी विचारा. एखादा विषय राहिला म्हणून लगेच वर्ष जात नाही, एटीकेटी असते, म्हणजे राहिलेला विषय नंतर देऊन पुढच्या वर्गात जाता येतं, नियम कॉलेजमध्ये नीट विचारून घ्या.

तो काय करतो, कुणाबरोबर फिरतो हे आम्हाला विचारू नका, आम्ही सांगणार नाही. पण सलग दोन दिवस डबा भरलेला परत आला तर आधी त्याला फोन करतो आणि मग तुम्हाला, एवढं नक्की. पोरगं फारच गप्प झालंय, झोपत नाही, रडतंय असं वाटलं तर सरळ या, पेपर असला तरी या. मनाच्या त्रासात बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, मुलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

शेवटचा पेपर झाला की मुलं बॅग उचलून थेट स्टँडवर पळतात आणि आमचा स्टीलचा डबा त्याच बॅगेत गावाला जातो. निघायच्या आधी डबा मेसवर दिला तर डिपॉझिट त्याच दिवशी परत. पुढच्या सेमिस्टरची जागा धरायची असेल तर तेही तेव्हाच सांगा, कॉलेज सुरू झाल्यावर लाईन लागते.