राशीन, आलोइस

राशीन, आलोइस : (१८ ऑक्टोबर १८६७–१८ फेब्रुवारी १९२३). चेक वकील, राजकारणी आणि चेकोस्लोव्हाकियाचा पहिला अर्थमंत्री. त्याचा जन्म बोहीमियातील नेखानित्से या गावी झाला. प्राग येथे कायद्याचा अभ्यास करीत असताना तो बोहीमियाच्या ऐतिहासिक राज्यहक्काच्या चळवळीत ओढला गेला. १८९४ च्या ‘ओमलादिना’ (जहाल चेक तरुणांविरुद्धच्या) खटल्यात त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मात्र १८९५ मध्ये सार्वत्रिक माफीमुळे त्याची सुटका झाली. पुढे त्याने प्रागमध्ये वकिली केली व १९११ मध्ये तरुण चेक पक्षातर्फे तो व्हिएन्नाच्या संसदेत निवडून गेला. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, त्याला राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि जून १९१६ मध्ये तरुण चेक पक्षाचा नेता कारेल क्रामार्झ याच्यासह लष्करी न्यायालयाने त्याला देहदंड ठोठावला. सम्राट फ्रान्झ योझेफच्या मृत्यूनंतर गादीवर आलेल्या कार्लने ही शिक्षा सौम्य केली व १९१७ मध्ये सर्वांना माफी दिली.

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी प्रागमध्ये सत्ता हाती घेणाऱ्या पाच नेत्यांपैकी राशीन एक होता. नव्या चेकोस्लोव्हाक राज्याच्या पहिल्या कायद्याचा मसुदा त्याचाच. (कायदेसंग्रहात या पहिल्या कायद्याला क्रमांक मात्र ११ मिळाला.) राज्याचे स्वरूप पुढे ठरवले जाईल एवढेच सांगून त्याने शासनपद्धतीचा प्रश्न मोकळा ठेवला आणि तोवरचे सर्व प्रांतिक व साम्राज्याचे कायदे तूर्त अमलात राहतील, अशी तरतूद केली. या तरतुदीवरून विधिज्ञांमध्ये दीर्घ वाद झाला. जुने कायदे चालू राहिले म्हणजे विधिव्यवस्थाही अखंड राहिली, असे एक मत आहे. तर ब्रनो येथील विधिज्ञ फ्रांटिशेक वेयर याच्या मते नव्या व्यवस्थेचे मूळ या कायद्यातच असून जुने कायदे केवळ त्याच्या आधारे नव्याने स्वीकारले गेले. आशयाचे सातत्य आणि प्रामाण्याचा (कायद्याच्या बंधनकारकतेचा) उगम या दोन गोष्टी वेगळ्या मानल्यास दुसरे मत अधिक सुसंगत ठरते. मसुदाकाराचा हेतू बहुधा व्यावहारिक असावा : दुसऱ्या दिवशी कचेऱ्या व न्यायालये उघडली तर त्यांच्यापुढे लागू करण्याजोगा कायदा हवा.

अर्थमंत्री म्हणून (नोव्हेंबर १९१८–जुलै १९१९) त्याने चलनाबाबतही जुनेच नव्या राज्याच्या आधारे चालू ठेवण्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मध्यवर्ती बँकेच्या नोटा साम्राज्याच्या सर्व वारस राज्यांत चालत असल्याने एका राज्याने आपले चलन मर्यादित ठेवूनही उपयोग नव्हता. २५ फेब्रुवारी १९१९ च्या कायद्याने सीमा बंद करण्यात आल्या आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात देशातील मोठ्या नोटा वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून त्यांवर तिकिटे चिकटवण्यात आली. त्यासाठी जमा झालेल्या रकमेचा एक भाग एक टक्का व्याजाच्या सक्तीच्या कर्जाच्या रूपाने रोखून धरला गेला. ही कारवाई गुप्तपणे तयार केली होती. व्यापाऱ्यांची व बचतदारांची नाराजी ओढवूनही ती पार पडली, हे तिचे यश मानले जाते.

ऑक्टोबर १९२२ मध्ये तो पुन्हा अर्थमंत्री झाला. क्राउन या चेकोस्लोव्हाक चलनाचे मूल्य वाढू देण्याच्या त्याच्या धोरणावर अर्थतज्ज्ञ कारेल एंगलिश याने टीका केली. वाढवण्याऐवजी ते स्थिर करावे, असे त्याचे म्हणणे होते. निर्यात व रोजगार यांना बसलेला फटका पाहता एंगलिशची बाजू सबळ वाटते. देशसेवेचे मोल मागू नये या राशीनच्या भूमिकेमुळे माजी लेजनरी (पहिल्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढलेल्या चेकोस्लोव्हाक पथकांचे) सैनिकही दुखावले गेले होते.

५ जानेवारी १९२३ रोजी योसेफ शोउपाल या १९ वर्षांच्या तरुणाने प्रागमध्ये त्याच्यावर गोळी झाडली. सहा आठवड्यांनी राशीनचा मृत्यू झाला. मारेकरी वीस वर्षांखालील असल्याने त्याला देहदंड देता आला नाही व १८ वर्षांचा कारावास झाला. या हत्येनंतर त्याच वर्षी मार्चमध्ये प्रजासत्ताक-संरक्षण कायदा संमत करण्यात आला.