पलंगाखालच्या खाटेतून आलेली लाचारी

इंग्रजीत ‘ट्रकल’ असे एक क्रियापद आहे. बोलण्यात ते सहसा येत नाही. बेळगाव-निपाणीकडची मुले स्पर्धा परीक्षांसाठी अवघड शब्द पाठ करतात, त्यांत ते कधीतरी भेटते आणि समोर अर्थ असतो : लाचारीने नमते घेणे. अर्थ बरोबर आहे, पण शब्दाची खरी गंमत त्याच्या मुळात आहे. त्या मुळाशी माणूस नाही, कप्पी आहे.

ग्रीकमध्ये ‘ट्रोखोस’ म्हणजे चाक. धावणे या अर्थाच्या धातूपासून झालेला शब्द. त्याच घराण्यातला कप्पीचा शब्द लॅटिनमध्ये ‘ट्रोक्लिया’ झाला आणि पुढे इंग्रजीत ‘ट्रकल’. म्हणजे कडेला खाच असलेले लहान चाक. खानापूरकडच्या जुन्या घरांच्या आडावर ज्या खाचेतून दोर सरकतो, तीच वस्तू. निपाणी-संकेश्वरवरून महामार्गाने धावणारा ‘ट्रक’ही बहुधा याच कुळातला.

१५व्या शतकापासून इंग्लंडमध्ये अशी चाके लावलेल्या बुटक्या खाटेला हे नाव मिळाले. दिवसा ती मोठ्या पलंगाखाली ढकलून द्यायची, रात्री बाहेर ओढायची. पलंगावर मालक, खालच्या खाटेवर नोकर. ऑक्सफर्डच्या कॉलेजांतही थोरला वर आणि धाकटा खाली, अशी व्यवस्था असे. १७व्या शतकाच्या सुरुवातीला ‘ट्रकल’ या क्रियापदाचा अर्थ तेवढाच होता, त्या खाटेवर झोपणे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मात्र ते दुसऱ्यापुढे निमूट मान तुकवण्यासाठी वापरले जाऊ लागले. झोपायची जागा हीच माणसाची पायरी ठरली.

आपल्या काव्यशास्त्रात या सरकण्याला लक्षणा म्हणतात. ‘गंगेवर वस्ती’ म्हटले की आपण गंगेचा काठ समजतो. शब्द जवळच्या वस्तूवर जाऊन बसतो. ट्रकलमध्ये तो चाकावरून खाटेवर, खाटेवरून झोपणाऱ्यावर आणि तिथून त्याच्या वागण्यावर गेला.

हे सरकणे इतके सहज का झाले? थॉमस शुबर्ट या मानसशास्त्रज्ञाने २००५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. मालक-नोकर अशा जोड्यांतले शब्द पडद्यावर एकाखाली एक दाखवून, यांतला सत्तावान कोण, असे लोकांना विचारले. सत्तावानाचा शब्द वर असला की उत्तर अधिक लवकर येई. सत्तेचा विचार करताना आपले मन उंचीचा आधार घेते. म्हणूनच ‘वरचा साहेब’ आणि ‘हाताखालचा माणूस’ हे शब्दप्रयोग कुणाला समजावून द्यावे लागत नाहीत.

आपल्या सीमाभागात याचा पुरावा दोन भाषांत शेजारी-शेजारी सापडतो. मराठी आर्यकुळातली, कन्नड द्राविडी. तरी मराठीत ‘पाया पडणे’ आणि कन्नडमध्ये ‘कालिगे बीळु’, शब्दाला शब्द तोच. दोन्हीकडे तो आदरही असतो आणि गयावयाही. कोणता अर्थ घ्यायचा, ते समोर कोण आहे यावरून ठरते. सौंदत्तीच्या यल्लम्माला लोटांगण घालत जाणाऱ्या बाईला लाचार म्हणायची कुणाची छाती होणार नाही; सावकाराच्या दारात तेच अंग जमिनीला टेकले तर पाहणाऱ्याला गलबलून येते.

चिनी भाषेतून इंग्रजीत गेलेल्या ‘काउटाउ’चीही हीच गोष्ट. मूळ अर्थ जमिनीवर कपाळ टेकणे, आणि चिनी दरबारात तो रिवाजच होता. १७९३ साली ब्रिटिश वकील मॅकार्टनी चियनलुंग बादशहापुढे गेला तेव्हा त्याने कपाळ टेकायला नकार दिला आणि एक गुडघा टेकला. चिन्यांचा तो शिष्टाचार इंग्रजीत आज हांजी-हांजीचा शब्द झाला आहे.

ट्रकलला मात्र आदराची बाजू कधी लाभलीच नाही. देवापुढे किंवा आईवडिलांपुढे कुणी ट्रकल करत नाही. तो शब्द वापरणारा ज्याच्याबद्दल बोलतो आहे, त्याला नेहमी दोषच देत असतो.