पंधरा दिवसांत गुण नाही, म्हणून डॉक्टर बदलायचा?

हा समज जुना आणि चुकीचा. थायरॉईडच्या गोळीचा डोस बदलल्यावर टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) स्थिरावायला 6 ते 8 आठवडे लागतात. संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाला गुण दाखवायला 8 ते 12 आठवडे. त्याआधी तज्ज्ञ बदलला, तर नवा डॉक्टर अर्धवट परिणाम पाहून डोस हलवतो आणि घोळ वाढतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: फरक कधी दिसेल, नाही दिसला तर पुढे काय?

ती मुदत उलटूनही निदानाचा फेरविचार होत नसेल, तर खुशाल बदला. त्रास झपाट्याने वाढत असेल तर मुदतीची वाटच पाहू नका. जाताना नुसते रिपोर्ट नकोत, स्कॅनची मूळ चित्रे आणि बायोप्सीच्या स्लाइड्सही न्या. दरम्यान स्टेरॉइड मात्र मनाने अचानक थांबवू नका.