पेशीसंवर्धनातील विषाणूंची सुप्तावस्था

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीत विषाणूचा जनुकसंच टिकून असतो, पण नवे विषाणू तयार होत नाहीत, अशी स्थिती. चाळवला तर विषाणू पुन्हा वाढू शकला पाहिजे, ही यातली खरी कसोटी. १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या हेला या कर्करोगाच्या पेशींत पॅपिलोमा विषाणू-१८ च्या डीएनएचे तुकडे गुणसूत्रांत अडकलेले आहेत. त्यांतून विषाणू कधीच बाहेर पडत नाही. तो अवशेष झाला, सुप्त विषाणू नव्हे.

सर्वाधिक अभ्यास झाला तो एप्स्टाइन-बार विषाणूचा. १९६४ मध्ये एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना तो बर्किट लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगाच्या संवर्धित पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. थेट गाठीच्या नमुन्यांत तो दिसत नव्हता. सुप्त असताना त्याचा सुमारे १ लाख ७२ हजार बेसजोड्यांचा डीएनए बंद कड्याच्या रूपात केंद्रकात राहतो. ‘राजी’ या पेशीमालिकेत (एकाच मूळ नमुन्यापासून सतत वाढवत नेलेल्या पेशींत) अशी सुमारे ५० कडी असतात. पेशी दुभंगताना ती हरवत नाहीत, कारण ईबीएनए-१ हे विषाणूचेच प्रथिन त्यांना गुणसूत्रांशी बांधून ठेवते. म्हणजे ही झोपही आयती नसते, तिच्यासाठी विषाणूला राबावे लागते. बाकीची बहुतेक जनुके डीएनएला चिकटलेले मिथिल हे रासायनिक गट आणि त्याला घट्ट गुंडाळून ठेवणारी हिस्टोन प्रथिने यांमुळे मुकी राहतात.

सोडियम ब्युटिरेट किंवा फॉरबॉल एस्टर यांसारखी उद्दीपक रसायने दिल्यास हे कुलूप उघडते. ‘आकाटा’ या दुसऱ्या मालिकेच्या पेशींत पृष्ठभागावरील प्रतिपिंडांना दुसऱ्या प्रतिपिंडाने जखडले तरी पुरते. झेडटा हे विषाणूचे प्रथिन तयार झाले की विषाणूची वाढ सुरू होते. तरीही सगळ्या पेशी एकदम जाग्या होत नाहीत. ‘राजी’त तर जनुकसंचाचा आवश्यक भाग गळाल्याने पूर्ण विषाणू बनतच नाही, वरच्या कसोटीत ही प्रसिद्ध मालिका अर्धीच उतरते.

एचआयव्हीची तऱ्हा वेगळी. तो आपला डीएनए थेट गुणसूत्रात घुसवतो. ‘जे-लॅट’ या त्याच्या अभ्यासाच्या पेशींत तो जागा झाला की हिरवे चमकणारे प्रथिन दिसते. घुसण्याची जागा प्रत्येक क्लोनमध्ये (एकाच पेशीपासून वाढलेल्या समूहात) निराळी, म्हणून एकाला जागे करणारे औषध दुसऱ्यावर निष्प्रभ ठरू शकते. हर्पिस सिम्प्लेक्स मात्र साध्या तंतुपेशींना मारूनच टाकतो. त्याला सुप्त ठेवायला चेतापेशी लागतात, आणि बहुधा सुरुवातीला असायक्लोव्हिर या विषाणूरोधी औषधाचा आधारही.

सुप्त विषाणू असलेली पेशी नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी दिसते. म्हणून लसनिर्मितीच्या पेशीमालिका तपासताना विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीसोबत कधी मुद्दाम उद्दीपक रसायनेही देऊन पाहतात.