व्हिझकाया कुणाचं आणि डीअरिंग इस्टेट कुणाची?

मायामीत ‘डीअरिंगचं घर बघायचंय’ असं म्हणून निघालात, तर दोन वेगळ्या ठिकाणी पोचू शकता. दोन्ही बिस्केन उपसागराच्या काठावर, दोन्ही शिकागोच्या थंडीला कंटाळलेल्या श्रीमंतांची. (समुद्रकाठी हिवाळ्यापुरतं घर, ही आपल्या कोकणी डोक्याला जरा उलटीच कल्पना.) त्यात नावांनी आणखी घोळ घातलाय. जगभर फोटोंतून माहीत असलेल्या वास्तूच्या, म्हणजे व्हिझकायाच्या, नावात डीअरिंग नाहीच, आणि जिच्या नावात आहे, तिकडे गर्दी कमी.

दोन्ही घरं दोघा डीअरिंग भावांची. चार्ल्स थोरला, जन्म 1852 चा. जेम्स धाकटा, 1859 चा. वडील एक, आया वेगळ्या. वडिलांचा कारखाना पीक कापणीची यंत्रं बनवायचा. 1902 मध्ये तो मॅकॉर्मिकच्या कारखान्याशी एक होऊन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ कंपनी उभी राहिली. दोन्ही घरांमागचा पैसा या कापणीयंत्रांचा.

व्हिझकाया धाकट्याचं. काम 1914 मध्ये सुरू झालं आणि 1916 च्या नाताळात जेम्स राहायला आला. मायामीची वस्ती तेव्हा दहा हजारांच्या घरात, आणि या एका बांधकामावर हजारभर माणसं, त्यांतली बरीच बहामा बेटांवरची. कलादिग्दर्शक पॉल चाल्फिनला घेऊन जेम्सने युरोपातून जुने दरवाजे, छतं, शेकोट्या विकत आणल्या आणि मग त्यांच्या मापाने खोल्या आखल्या. आधी चौकट, मग भिंत! घर शतकानुशतकं उभं आहे असं वाटावं हा सगळा बेत. आत मात्र लिफ्ट आणि टेलिफोन. समोर पाण्यात लाटा अडवायला चक्क दगडी नौका बांधलेली. एवढं करून जेम्सच्या वाट्याला फार तर नऊ हिवाळे आले. 1925 मध्ये युरोपहून परतताना बोटीवरच तो गेला.

डीअरिंग इस्टेट थोरल्याची, तिथून पंधरा-वीस किलोमीटर दक्षिणेला, कटलरमध्ये. 1896 च्या एका लाकडी घराशेजारी चार्ल्सने 1922 मध्ये दगडी घर बांधलं. त्याला थाटापेक्षा काळजी आपल्या संग्रहातल्या चित्रांची. म्हणून काँक्रीटच्या जाड भिंती, तांब्याने मढवलेली दारं-खिडक्या. आग लागू नये एवढाच हेतू. काळ दारूबंदीचा, त्यामुळे तळघरातली वाइन पुस्तकांच्या कपाटामागे. 1992 च्या अँड्र्यू वादळात लाकडी घर मोडलं, ते पुन्हा उभारावं लागलं.

आज दोन्ही जनतेसाठी खुली आहेत: व्हिझकाया 1950 च्या दशकात काउंटीने (म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने) घेतलं, इस्टेट 1985 मध्ये सरकारने विकत घेतली. लॅटिन अमेरिकी रिवाजाप्रमाणे पंधराव्या वाढदिवसाचे भरजरी झगे घालून फोटो काढणाऱ्या मुली दिसल्या तर तुम्ही व्हिझकायात आहात. खारफुटी आणि टेकेस्टा आदिवासींची दफनभूमी दिसली तर इस्टेटीत.

चित्रकार जॉन सिंगर सार्जंटही 1917 मध्ये मायामीत येऊन गेला. मित्र थोरल्याचा, पण जलरंगांत उतरलं धाकट्याचं घर. थोरल्याचं दगडी घर तेव्हा बांधलंच नव्हतं.